चमचाभर हवा

आइस्क्रीम करायचं यंत्र काचेआड आपलं आपण फिरत होतं, आणि ती काचेसमोर थांबून ते बघत होती. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं उरली होती. रस्त्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान, तिथे ती सतरा वर्षं लोकांचे डोळे तपासत होती. घरगुती यंत्रांचं हे दुकानही तितकीच वर्षं तिच्या वाटेवर होतं आणि मिक्सरचं एक भांडं सोडलं तर तिनं तिथून कधी काही घेतलेलं नव्हतं. पण आज काचेत हे ठेवलेलं: बुटकं, पांढरं, वर पारदर्शक झाकण, आत एक पातं, आणि पात्याभोवती काहीतरी पांढरं हळूहळू दाट होत चाललेलं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, चाळीस मिनिटांत घरच्या घरी. तिनं पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मनाशी म्हणाली, चल, नीघ आता. पाय हलले नाहीत. अप्पांना हे दाखवायला हवं असं तिला वाटून गेलं, आणि मग आठवलं की अप्पांना आइस्क्रीम बंद आहे. पाच महिने झाले, तरी हे रोज नव्यानं आठवावं लागत होतं.

अप्पा म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं आइस्क्रीमच्या कारखान्यात चव घेणारे. वडील काय करतात असं शाळेत कुणी विचारलं आणि तिनं हे सांगितलं की सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. मजा आहे बुवा, म्हणायचे. मजा कसली! अप्पा घरी यायचे ते व्हॅनिलाचा वास घेऊन. शेजारणी म्हणायच्या, किती छान वास येतो हो तुमच्याकडे, आणि आई म्हणायची, त्यांचे शर्ट एकदा धुऊन बघा, मग बोला. तो गोड वास साबणाला दाद देत नसे, नुसता शिळा होई. अप्पांची जीभ कामावरून घरी आली तरी सुट्टीवर जात नसे. चहाचा पहिला घोट ते तोंडात धरत, डोळे मिटत, आणि सगळं घर वाट बघत थांबे. आमच्याकडे चहाला सुद्धा परीक्षेला बसावं लागतं, असं आई आल्यागेल्याला सांगायची, तक्रारीच्या सुरात, पण आतून खूश होऊन. आणि आइस्क्रीमची गोष्ट निघाली की अप्पांचं एकच पालुपद: हवा. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा घालतात, हे त्यांनी लेकीला ती सहा-सात वर्षांची असताना सांगितलं होतं. हवा नसेल तर चमचा शिरणार नाही, दगड होईल त्याचा. पण मालकाला वाटतं, हवेला दूध लागत नाही, साखर लागत नाही, तेव्हा घाला आणखी. मग डबा भरलेला दिसतो आणि तोंडात काही राहत नाही. ते ओळखायचं माझं काम, अप्पा म्हणाले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तिला वाटत होतं की आपले वडील हवा चाखतात.

पाच महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. राहिला एक शब्द, ‘बरं.’ दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं, दिवा लाव म्हणायचं असलं तरी बरं. आणि गिळणं बिघडलं. त्यासाठी दवाखान्यातून दर गुरुवारी एक बाई येत, त्यांना दिवसभर अप्पांपाशी असणाऱ्या मावशींनी ‘गिळणबाई’ असं नाव ठेवलं होतं. गिळणबाईंनी समजावून सांगितलं होतं: पातळ काही द्यायचं नाही. पातळ पदार्थ घशात वेगानं उतरतो, अन्नाची वाट सोडून श्वासाच्या वाटेला जातो, फुप्फुसात शिरतो. सगळं पावडर घालून दाट करून द्या. आणि आइस्क्रीम तर मुळीच नाही, लोक त्यालाच फसतात. चमच्यात घट्ट दिसतं, तोंडात गेलं की पाणी. ‘ह्यांना आइस्क्रीमबद्दल तुम्ही सांगताय होय!’ मावशी म्हणाल्या होत्या, आणि कोणी हसलं नव्हतं. तरी दुसऱ्या महिन्यात तिनं चूक केलीच. अप्पा पाण्याच्या तांब्याकडे बघताहेत असं तिला वाटलं, उन्हाळा होता, ओठ सुकलेले होते, आणि तिनं एक चमचा पाणी दिलं. साधं पाणी. तिसऱ्या दिवशी ताप, मग अकरा दिवस दवाखाना, नाकात नळी, छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळेच झालं असं काही ठामपणे सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नव्हतं. तिला येत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, ती आता दाट केलेल्या सूपावरही फुंकर घालून, चमचा उलटा करून, पडत नाही ना ते बघून देत होती.

आणि हे सगळं ठाऊक असून ती दुकानात शिरली. दुकानदार पुढे आला. त्यानं झाकण उघडून दाखवलं, पातं काढून दाखवलं, भांडं आधी गार करून ठेवायची भानगड नाही म्हणाला, बटण दाबा नि विसरून जा. ‘हवा किती घालतं हे?’ तिनं विचारलं. दुकानदारानं आयुष्यात हा प्रश्न ऐकला नसावा. ‘हवा?’ तो म्हणाला, ‘नाही हो ताई, यात पंखाबिंखा काही नाही. सावकाश फिरतं. घरात लहान मुलं आहेत का?’ वडिलांसाठी हवंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. ‘वा! म्हातारपण म्हणजे दुसरं बालपणच की!’ हे वाक्य तिला गेल्या पाच महिन्यांत निदान वीस जणांनी ऐकवलं होतं, आणि दर वेळी तिला समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यावीशी वाटे. तिनं माहितीचा कागद तेवढा घेतला. विचार करून सांगते, म्हणाली. करा की, सावकाश करा, दुकानदार म्हणाला, एकच नग उरलाय.

दुपारभर ती लोकांना विचारत राहिली, ‘पहिलं की दुसरं?’ हेच तिचं काम. अंधाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, हनुवटी टेकवायला लावायची, समोर अक्षरांचा तक्ता, डोळ्यापुढे एक भिंग, मग दुसरं. कशात स्वच्छ दिसतं? पहिल्यात की दुसऱ्यात? चांगली शिकली-सवरलेली माणसं इथे घाबरतात. उत्तर चुकलं तर, असं त्यांना वाटतं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देऊ लागतात, म्हणून चेहरा कोरा ठेवायला ती शिकली होती. शिवाय उत्तराची खात्री पटेना तर भिंगांचा क्रम गुपचूप बदलायचा, आणि पुन्हा तेच उत्तर येतं का बघायचं. चार वाजता एक वयस्क शिंपी आले, सुई ओवता येत नाही म्हणून. ‘दोन्ही सारखीच आहेत हो,’ ते वैतागून म्हणाले, ‘तुम्हीच ठरवा की, तुम्हाला कळतं.’ ‘डोळे तुमचे आहेत, आजोबा,’ ती म्हणाली. हे वाक्यही ती रोज म्हणत असे, सवयीनं. आज मात्र ते तोंडातून बाहेर पडल्यावर तिथेच थांबलं, आणि तिला जाणवलं की बिछाना कुठला, दवाखाना कुठला, अप्पांचं घर बंद करून त्यांना आपल्याकडे आणायचं की नाही, केस बारीक कापायचे की नाही, यातलं काहीएक आपण अप्पांना विचारलेलं नाही. विचारून काय होणार होतं? ते ‘बरं’ म्हणाले असते.

घरी पोचली तेव्हा मावशी पदराला हात पुसत दारातच उभ्या. ‘आजसुद्धा अर्धं टाकलं बघा. वाडग्याची एक बाजू चाटूनपुसून साफ, आणि दुसरी जशीच्या तशी. हट्टी आहेत हो तुमचे वडील. चमचा हातात दिला तर एवढंच, मी भरवलं तर सगळं.’ तिनं मान हलवली. हट्टी तर ते होतेच. खिडकीशी अप्पांची खुर्ची, खुर्चीच्या उजव्या हाताला एक स्टूल. उजेड तिथे बरा पडतो म्हणून ती रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आणि अप्पा रोज तोंड फिरवून डावीकडच्या भिंतीकडे बघत बसत. भिंतीवर काही नव्हतं. नुसता रंग. ती अगदी रंगात येऊन वाचायची, मध्येच त्यांच्या उजव्या खांद्याला हात लावायची, त्या खांद्याला स्पर्श कळत नाही हे विसरून. आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. पहिल्या महिन्यात तिला रडू यायचं. पुढे तिनं त्याचा अर्थ लावला. अप्पा आपल्यावर रागावले आहेत. आपण त्यांना त्यांच्या घरातून उचललं, त्यांच्या तोंडाची चव काढून घेतली, त्यांना लगदा भरवला, आणि वर पाणी देऊन मारायला निघालो होतो. बोलता येत नाही तर निदान तोंड फिरवता येतं, ते फिरवताहेत. बरोबरच आहे. असा अर्थ लावल्यावर रडू थांबलं, पण छातीत काहीतरी कायमचं बसलं, आणि रोज संध्याकाळी स्टुलावर टेकताना ते जरा हले.

त्या दिवशी तिनं दादाला फोन केला. दादा म्हणजे थोरला भाऊ, विमानानं नऊ तासांवर राहणारा. ‘अगं घे की ते यंत्र,’ तो म्हणाला, ‘दे त्यांना चमचाभर. काय व्हायचंय? जन्मभर ज्यात राहिले ते तोंडाला लागू दे जरा. नाहीतरी असं जगून काय...’ पुढचं त्यानं गिळलं. त्याला गिळता येत होतं. ‘मग तू ये आणि तू दे,’ ती म्हणाली. ‘तसं नाही गं.’ ‘तसंच आहे दादा. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही. अकरा दिवस दवाखान्याच्या त्या लोखंडी बाकावर मी झोपले होते.’  मग दादा एकदम लहान आवाजात म्हणाला, ‘त्यांना काय हवंय?’

म्हणून रविवारी दुपारी तिनं विचारायचं ठरवलं, तिला येत होतं त्या पद्धतीनं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आइस्क्रीमचा एक डबा आणला. मावशी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. तिनं अप्पांपुढे चाकांचं टेबल ओढलं, त्यावर दोन वाडगे ठेवले, एकात दाट केलेलं सूप, दुसऱ्यात आइस्क्रीम, आणि चेहरा कोरा करून समोर उभी राहिली. देणार नव्हती, नुसतं विचारणार होती. हे दुष्टपणाचं आहे की काय, असं तिला क्षणभर वाटलं. ‘अप्पा, पहिलं की दुसरं?’ अप्पांचा डावा हात उठला आणि आइस्क्रीमकडे गेला.  पण कामाची शिस्त म्हणजे शिस्त. तिनं वाडग्यांची अदलाबदल केली. ‘आता?’ हात सूपाकडे. पुन्हा बदलले. आइस्क्रीम. पुन्हा. सूप. ‘अप्पा, थट्टा करताय का माझी?’ ती ओरडलीच. ‘बरं,’ अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. वाडगा कुठलाही असो, हात त्यांच्या डावीकडेच जात होता. डावीकडे. मावशींचा तो अर्धा वाडगा. भिंत. रोज संध्याकाळची भिंत. 

ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. ‘अप्पा, माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडेच.’ मग आपला हात लांब त्यांच्या उजवीकडे नेऊन तिनं बोट हलवलं. काही नाही. हात आत आणला, आणखी आत आणला, बोट हलतंच होतं. अगदी नाकासमोर आल्यावर अप्पांची पापणी उडाली. दुसऱ्या बाजूनं मात्र लांबूनच त्यांना बोट दिसलं. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांपुढचं उजवीकडचं अर्धं जग गेलेलं होतं, त्या सकाळी हातापायाबरोबरच गेलेलं. असे लोक तिच्या खोलीत वर्षाला चार-पाच येत. नंबर निघत नाही, तरी दाराला धडकतात, पानावरचा अर्धाच मजकूर वाचतात. ती पाच मिनिटांत ओळखे आणि चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं. पाच महिने ती नेमकी त्या गेलेल्या जगात स्टूल टाकून बसली होती. अप्पा रागावले नव्हते. अप्पांना ती दिसतच नव्हती. रोज संध्याकाळी कुठूनतरी, कुठूनच नाही अशा ठिकाणाहून, लेकीचा आवाज येत होता, आणि ते जेवढं जग शिल्लक होतं तेवढ्यात तिला शोधत होते. तिथे भिंत होती. तिला गेलेल्या आईची आठवण आली, लाज वाटली, आणि कुणाला तरी एक थप्पड मारावी असं वाटलं, पण मारण्यासारखं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

तिनं स्टूल उचललं आणि डावीकडे आणून ठेवलं. बसली. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, केसांकडे, कानातल्याकडे, पुन्हा केसांकडे. पाच महिन्यांत पिकलेले केस होते ते. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘हो अप्पा,’ ती म्हणाली, आणि नाक पुसलं. मग दोन्ही वाडगे तिनं त्यांच्या दिसत्या बाजूला घेतले, एक जवळ, एक त्यामागे. या वेळी तिनं विचारलंच नाही, आणि ती विचारेपर्यंत अप्पा थांबलेही नाहीत. त्यांनी डाव्या हातानं चमचा उचलला, सूपावरून तो पलीकडे नेला आणि आइस्क्रीममध्ये खुपसला. तिचा हात त्यांना अडवायला अर्ध्यावर गेला. चमचा तोंडात गेला होता. अप्पांनी डोळे मिटले. चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलायची थांबली. एक, दोन, तीन, ती श्वास रोखून मोजत होती, आता खोकला येईल, आता. पण अप्पा टेबलावर वाकले, सूपाचा वाडगा जवळ ओढला, आणि तोंडातलं सगळं त्यात थुंकून टाकलं. व्यवस्थित, नेम धरून, एक थेंब बाहेर न सांडता.

ती बघतच राहिली. कारखान्यात चव घेणाऱ्याच्या टेबलाशेजारी एक स्टीलचं पिंप असायचं, ते तिनं लहानपणी बघितलं होतं. दिवसाला साठ नमुने. चाखायचं, तोंडात फिरवायचं आणि थुंकायचं. गिळेल त्याची जीभ दहाव्या नमुन्याला मरते. एकतीस वर्षांत अप्पांनी कामावर आइस्क्रीम गिळलेलंच नव्हतं! आणि डॉक्टर, गिळणबाई, दादा, ती स्वतः, सगळी मंडळी पाच महिने एकाच गोष्टीवर अडून बसली होती, त्यांना गिळता येईल का. त्यांना गिळायचं आहे का, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. अप्पा एकदा खोकले. कोरडा, लहानसा खोकला. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आतली घरघर ऐकू येते का ते ऐकलं, येत नव्हती. मग त्यांनी डावा ओठ मुरडला, भुवई वर नेली, आणि उलट्या पंज्यानं आइस्क्रीमचा वाडगा असा दूर सारला की तो टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. इतका तिरस्कार त्यांच्या चेहऱ्यावर तिनं कितीतरी महिन्यांत बघितला नव्हता. तिला हसू आलं, मोठ्यांदा, आणि मावशी स्वयंपाकघरातून डोकावल्या.

‘अप्पा,’ ती म्हणाली. माहितीचा कागद तिनं पर्समधून काढला आणि त्यांच्या डाव्या मांडीवर उलगडून ठेवला. ‘हे घरी आणता येईल. सावकाश फिरतं म्हणे. मी करीन, तुम्ही चाखायचं नि थुंकायचं, रोज एक. पण ऐका. थुंकलं तरी थोडं मागे राहतं, ते वितळून खाली उतरतं. रोज थोडं उतरणार. एखाद्या दिवशी वाट चुकणार. मागे झालं तसं होईल, आणि त्या वेळी कदाचित परत घरी येणं होणार नाही. हे माझ्याच हातून होईल, अप्पा. मला त्याची फार भीती वाटते.’ हे सगळं तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. अप्पांनी कागदावरच्या यंत्राच्या चित्रावर अंगठा ठेवला, काढला. तिच्याकडे बघितलं. ‘बरं’ म्हणाले नाहीत.

त्यांनी डावा हात गळ्याशी नेला आणि शर्टाचं सगळ्यात वरचं बटण चाचपू लागले. कारखान्यात गळ्याचं बटण लावल्याशिवाय कोणाला चाखायच्या खोलीत घेत नसत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी ते बटण कधी लावलेलं नव्हतं. बोटं घसरली. बटण काजापर्यंत आलं आणि निसटलं. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिनं तो मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. पुन्हा निसटलं. अप्पांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, श्वास जोरात चालला होता, बाहेर कुणीतरी गाडीचं दार लावून घेतलं, मावशी ओल्या हातांनी दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्याही पुढे आल्या नाहीत. बराच वेळ लागला. मग बटण काजात गेलं, आणि अप्पांनी कॉलर नीट करून हात टेबलावर ठेवला.

ती उठली. चपला पायांत सरकवल्या, पर्स घेतली. ‘मावशी, यांच्यापाशी बसा,’ ती म्हणाली, ‘इकडे, या बाजूला बसा. मी ते यंत्र घेऊन येते.’